मधुमालतीचा आडोसा

ऊन उतरलेलं असतं, पण दिवे लावायला अजून कुणाचा हात उठलेला नसतो, त्या मधल्या वेळेत मधुमालतीचा वास येतो. दिवसभर तो नसतोच. भर दुपारी वेलीत नाक खुपसलं तरी पिकल्या फळाचा एक पुसट भास तेवढा हाती लागतो. मग शहाबादी फरशी दिवसभर पिऊन ठेवलेली धग सोडू लागते, कुणीतरी मागच्या अंगणात पाणी मारतं, ओल्या दगडाची वाफ घोट्यांपर्यंत चढते आणि त्या वाफेच्या आडून हा वास हळूच पुढे होतो. मोगरा समोर येऊन उभा राहतो, रातराणी अंगावर येते. मधुमालती मात्र बाजूने येते. आपण भलत्याच कामात असतो, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत असतो, नाहीतर कुणाशी उगाच वाद घालत असतो, आणि मध्येच हात थांबतो. का थांबला ते कळायला क्षणभर जावा लागतो. अरे, फुललीय.

हैदराबादेत, नल्लकुंट्यात शंकर मठाकडून कोरंटीच्या दवाखान्याकडे जाताना ज्या गल्ल्या आत वळतात, त्यांतल्या एकीत आमचं घर होतं. बैठं, पुढे ओटा, मागे अंगण. आजोबा नांदेडकडून निजामाच्या महसूल खात्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. 1956 च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात गेला, नात्यातले कितीतरी लोक बिऱ्हाडं गुंडाळून त्याच्या मागे गेले. आजोबा हलले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणत, मुलं इथं शिकतायत. आजीचं कारण अधिक खरं होतं. ती म्हणे, "आत्ता कुठं अंगण धरलंय."

त्या अंगणात काय नव्हतं? न्हाणीघर, चुलाणावरचा तांब्याचा हंडा, धुण्याचा दगड, तुळस, कढीपत्ता, वाळवणाच्या दोऱ्या. पुढच्या ओट्यावर घर बसायचं, बोलायचं, पान खायचं. जगायचं ते मागे. शुक्रवारी न्हाऊन बायका तिथे केस मोकळे सोडून बसत. चैत्रात कुरडया आणि सांडगे तिथे पसरत. आत्याला कावळा शिवला की ती आपलं ताट-तांब्या घेऊन तिथल्याच कोपऱ्यात बसे. रडायचं असेल तर तिथे, हसू आवरेनासं झालं तर तिथे. पाहुण्यांना ते अंगण माहीत नसे आणि आम्हाला त्याच्याशिवाय घर माहीत नव्हतं.

मग पलीकडच्या घरावर माडी चढली.

उस्मानिया युनिव्हर्सिटी जवळ. विद्यानगर, अडिकमेट, नल्लकुंटा, सगळीकडे घरमालकांनी वरती खोल्या काढल्या आणि जिल्ह्याजिल्ह्यातून आलेली पोरं त्यांत राहू लागली. आमच्या पलीकडच्या माडीची खिडकी थेट आमच्या अंगणात उघडत होती. पोरं वाईट नव्हती बिचारी. परीक्षेच्या दिवसांत ती गच्चीवर येरझाऱ्या घालत मोठ्याने पाठ करत, आणि आम्हाला अर्थ न कळताच अर्थशास्त्राची वाक्यं पाठ झाली होती. पण खिडकी ती खिडकी. आत्या उन्हात केस वाळवेनाशी झाली. दोरीवर काही कपड्यांच्या वर दुसरे कपडे पडू लागले. आई न्हाणीघरातून निघताना आधी वर बघे आणि मग पाऊल टाकी. या गोष्टींवर घरात कुणी एक शब्द बोललं नाही, पण अंगण आकसलं.

आजोबांनी गवंडी बोलावला. भिंत चार फूट चढवायची ठरली, त्याने माप घेतलं, विटांचा हिशेब सांगितला. आजी माजघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "भिंत नको. वारा मरेल. आणि पिन्नीला काय वाटेल?"

पिन्नी म्हणजे पलीकडची मालकीण. आम्ही मुलं तिला पिन्नीच म्हणायचो. ती आजीला अम्मगारू म्हणे, आजी तिला नुसतं "अगं" म्हणे, आणि दोघी एकमेकींशी ज्या भाषेत बोलत तिच्यात तेलुगू, मराठी आणि दख्खनी यांचं प्रमाण रोज वेगळं असे. दोन घरांमधली भिंत छातीइतकी होती. तिच्यावरून पिन्नीकडचा गोंगुरा इकडे येई, आमच्याकडची पुरणपोळी तिकडे जाई. आजोबांना खिडकी दिसत होती. आजीला ती भिंत दिसत होती.

काचीगुड्याच्या मावशीकडे मधुमालती होती. तिच्या मुळाशी फुटलेला एक फुटवा ओल्या गोणपाटात गुंडाळून सायकलरिक्षातून आला. त्याआधी एका बुरडाने बांबूच्या कामट्यांची ताटी विणून भिंतीला लागून उभी केली होती, जस्ती तारेने बांधून. रिकामी ताटी फार केविलवाणी दिसते. तिच्यातून सगळं दिसत असतं आणि ती लपवण्याचा आव आणत असते. मला तेव्हा कुणी सांगितलं असतं की याच आव आणण्यावर पुढे दोन्ही घरांचं चालणार आहे, तर काही कळलं नसतं.

पहिल्या पावसाळ्यात वेल नुसती बसून राहिली. दुसऱ्या उन्हाळ्यात तिने ताटी गाठली, आणि त्यानंतर तिला कुणी थांबवू शकलं नाही. मधुमालती चढते ती ताणे फेकून नव्हे. तिला ताणे नसतातच. ती दुसऱ्याच्या अंगावर रेलते, आणि पानं गळली की त्यांच्या देठांचे जे कडक आकडे फांदीवर उरतात त्यांनी धरून ठेवते. आजीच्या हातांवर त्या आकड्यांचे ओरखडे कायम असत. छाटणीच्या दिवसांत तर मनगटापर्यंत.

पहिला घोस आला तेव्हा पिन्नी भिंतीपाशी येऊन म्हणाली, "राधामनोहरम्!" आणि डोळे मिटून उभी राहिली. तिच्या माहेरच्या विहिरीवर होती म्हणे. आजीने तो घोस कात्रीने कापून तिच्या हातात दिला. पिन्नीने तो केसांत माळला नाही. पदराच्या टोकाशी धरून ती तशीच आत गेली. माहेरचं काही हाती आलं की बायका आधी ते घेऊन आत जातात. मी पुढे अनेकींना तसं जाताना पाहिलंय.

या फुलांचा रंग हा आम्हा मुलांचा मोठा अचंबा होता. संध्याकाळी कळी उलगडते ती पांढरी. दुसऱ्या दिवशी तीच गुलाबी होते, तिसऱ्या दिवशी लाल. आदल्या-नंतरच्या कळ्या एकाच घोसात असतात, म्हणून एका देठावर तिन्ही रंग एकदम झुलतात. नळी दोन-अडीच इंच लांब, तळाशी मध. पांढऱ्या फुलावर रात्री लांब सोंडेचे मोठे पतंग येतात. गुलाबी आणि लाल झालेल्या फुलांवर दिवसा मधमाश्या आणि शिंजीर. एकच फूल रात्रीच्या पाहुण्यासाठी एका रंगात बसतं आणि दिवसाच्या पाहुण्यासाठी दुसऱ्या. आम्ही मुली नळ्या एकमेकींत गुंफून दोऱ्याशिवाय वेण्या करायचो, आणि करता करता निम्म्या फुलांतला मध चोखून टाकायचो. जिभेवर येतो न येतो इतकाच तो असतो. त्याची तहान भागत नाही, पण सवय लागते.

एव्हाना ताटी दिसेनाशी झाली होती. खालपासून माडीच्या कठड्यापर्यंत पानांचा एक हिरवा पडदा, त्यातून सकाळचं ऊन गाळून येई आणि न्हाणीघराच्या ओल्या भिंतीवर हलत राही. आत्या पुन्हा केस वाळवू लागली. आई वर न बघता पाऊल टाकू लागली. कावळा शिवलेल्या दिवसांत पुस्तकाला हात लावायचा नाही अशी घरची रीत होती. पण इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणलेली कादंबरी त्या दिवसांत नेमकी वेलीमागच्या दगडावर जाऊन पडे, आणि आजी तिकडे कपडे वाळत घालायला जायची ती मान खाली घालून. पुस्तक आपल्या पायांनी तिथवर गेलं असंच तिने आयुष्यभर मानलं. ते ग्रंथसंग्रहालय 1922 सालचं. माझ्या आत्याने त्यातली किती पुस्तकं त्या दगडावर संपवली याची नोंद मात्र त्याच्या कुठल्या वहीत असणार नाही.

वास मात्र आडोसा मानत नव्हता. तो पलीकडे जाई, माडीवर जाई, गल्लीत जाई. आणि तिकडूनही सगळं येई. पिन्नीच्या घरातली भांडणं, नवऱ्याचा चढलेला आवाज, मग भांड्यांचा एक लांब खडखडाट, मग काहीच नाही. आमच्याकडे आजोबा गेले त्या वर्षी आजी संध्याकाळी वेलीपाशी पाठ टेकून बसायची आणि तिच्या रडण्याला आवाज नसे, फक्त पानं हलत. तिकडून पिन्नी विचारत नसे. पण थोड्या वेळाने भिंतीवर चिंचेच्या सारूचं भांडं ठेवल्याचा आवाज येई. कडीचं भांडं, पितळी. भांड्याचा आवाज आधी आणि सारूचा वास मागाहून, मधुमालतीत मिसळून. मी आजही कुठे चिंचेचा सार उकळताना ऐकला की मला हुंदका येईलसं वाटतं, आणि लोकांना वाटतं मिरची लागली.

खरी गोष्ट पुढेच आहे. मधुमालती थंडीत विरळ होते. आमच्याकडे संक्रांतीला आकाश पतंगांनी भरतं, आणि त्यांतले कितीतरी आमच्या वेलीत येऊन अडकायचे. मांजा फांद्यांना वेढे घेऊन बसे, पोरं भिंतीवर चढत. मग आजी संक्रांत झाल्यावर वेल छाटून टाकी, अगदी खोडापर्यंत नाही, पण अंगावर एक पान उरत नसे. ही वेल नव्या फुटीवर फुलते, तेव्हा छाटायला हवीच. उन्हाळा तापला की फुटवे येत, आणि मग तो सगळा बहर. पण मधले कित्येक आठवडे ताटी पुन्हा उघडी. कामट्या, तारा, वाळक्या काड्या, आणि पलीकडचं सगळं स्वच्छ. त्यांची खाट दिसे, त्यांचं चुलाण दिसे, त्यांना आमचा धुण्याचा दगड दिसे.

त्या आठवड्यांत पिन्नी आपली खाट फिरवून घेत असे. एरवी तिचं डोकं आमच्या बाजूला असायचं. वेल छाटली की ती खाट आडवी लावायची आणि आमच्याकडे पाठ करून भाजी निवडायची. माडीवरची खिडकी अर्धी लोटलेली असे. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पोरांना तिने सांगितलं असेल. आमच्याकडेही तेच. आई मिरच्या वाळत घालायला जाई ती नजर फरशीवर ठेवून. पान नसलेल्या वेलीआड दोन घरं पूर्ण पडद्यात राहत होती. मला वाटतं, आजीला भिंत नको होती ती याचसाठी. भिंत असली की बघायचं नाही हे कुणाला ठरवावं लागत नाही. वेल असली की ते रोज ठरवावं लागतं.

1969 साली स्वतंत्र तेलंगणाच्या मागणीने उस्मानियाची पोरं रस्त्यावर उतरली. शहरात गोळीबार झाला, संचारबंदी लागली. मी फार लहान होते. मला आठवतं ते आईने खिडक्यांच्या फटींत कापड कोंबलेलं, आणि एका दुपारी माडीवरचा एक मुलगा भिंतीवरून आमच्या अंगणात उतरलेला. कपाळ फुटलेलं होतं. आजी त्याला काही विचारेना. वेलीमागच्या आत्याच्या दगडावर तिने त्याला बसवलं, जखमेत हळद भरली, ताकाचा पेला हातात दिला. थोड्या वेळाने पुढच्या दारावर काठी वाजली. आजी डोक्यावरचा पदर सारखा करत गेली आणि दारातून म्हणाली, "अंदर औरतां नहा रैं." शिपाई खाली बघत परत गेला. ज्या नजरेपासून लपायला ही वेल लावली त्या माडीवरचाच तो पोरगा होता, पण हे आजीच्या लक्षात आलेलं असलं तरी ती ते बोलून दाखवणारी नव्हती. संध्याकाळी तो उठला, त्याने वाकून तिचे पाय धरले. त्याच्या सदऱ्यावर लाल फुलं पडली होती आणि रक्तही होतं. कुठलं काय, मला ओळखू येईना.

वेलीचे तोटेही होतेच. डास. पानांच्या दाटीत दिवसभर ओल राही आणि दिवेलागणीला तिथून ढग उठत. आमच्या त्या कोरंटीच्या दवाखान्याला नाव आहे रोनाल्ड रॉस यांचं, ज्यांनी याच शहरात, सिकंदराबादेला, 20 ऑगस्ट 1897 रोजी डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधून काढला. दवाखाना हाकेच्या अंतरावर आणि डासांचा कारखाना आमच्या परसात, यावर वडील दर पावसाळ्यात एकदा तरी विनोद करत. आजी धुपाटणं फिरवी. ऊद आणि मधुमालती. त्या दोन वासांची जी गाठ माझ्या डोक्यात बसलीय ती आता सुटणार नाही, आणि मी सोडवणारही नाही.

न्यू जर्सीतल्या माझ्या चुलत बहिणीला मागच्या अंगणात असाच आडोसा हवा होता. तिकडे सगळे सांगतात, हनीसकल लाव. इंग्रजीत आपल्या मधुमालतीलाही कुणी कुणी तेच नाव देतं, पण तिकडची ती वेल वेगळी, थंड हवेतली. जपानी हनीसकलची फुलं पांढरी उमलतात आणि पिवळी होतात, वास संध्याकाळी वाढतो, रात्री पतंग येतात. म्हणजे सगळे गुण घरचेच. पण 1806 मध्ये लाँग आयलंडवर आणलेली ती वेल आता तिथली रानं गिळत सुटलीय, म्हणून शहाण्या लोकांनी बहिणीला तिथली मूळची लाल हनीसकल लावायला लावली. सुंदर आहे. हमिंगबर्ड येतात. फोटो पाठवला तिने, लाकडी जाळीवर लाल तुरे. खाली लिहिलं होतं, "उपद्रव नाही गं, पण वासही नाही."

उसासा मला इथेही ऐकू आला.

आमचं घर बांधकामाला दिलं गेलं. आजी तोवर नव्हती, पिन्नीही नव्हती, दोन्हीकडचे वारस एकाच महिन्यात सही करून मोकळे झाले. वेल काढायला आलेल्या माणसाला वाटलं तासाभराचं काम आहे. दोन दिवस लागले. खोड मांडीएवढं झालं होतं आणि मुळं पिन्नीच्या बाजूला इतकी खोल गेली होती की तिकडची फरशी उखडावी लागली. पुढचं वर्षभर दोन्हीकडच्या पायाच्या खड्ड्यांतून, वाळूच्या ढिगातून, सिमेंटच्या गोण्यांमधून तिचे फुटवे डोकावत राहिले. त्यातलाच एक मी कुंडीत घेतला.

आता मी त्याच जागेवर तिसऱ्या मजल्यावर राहते. काचांना बाहेरून आरसा दिसणारी फिल्म लावलेली आहे. आपण सगळ्यांना बघू शकतो, आपल्याला कुणी बघत नाही. आडोशाची यापेक्षा वाईट सोय मी पाहिलेली नाही. गॅलरीत मी अर्धा कापलेला निळा ड्रम ठेवलाय, त्यात तो फुटवा, आणि वर नायलॉनची जाळी. समोरच्या इमारतीची गॅलरी इतकी जवळ आहे की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजते. तिथे एक तरुण जोडपं राहतं, रात्रपाळी करतं, दिवेलागणीला उठतं. परवा ती मुलगी चहाचा कप घेऊन बाहेर आली, कठड्याला टेकली, आणि मध्येच थांबली. तिने इकडेतिकडे पाहिलं. मी कुंडीतल्या मातीकडे बघत राहिले.

तुम्हाला लावायची असेल तर पावसाच्या तोंडावर लावा. फुटवा मुळासकट मिळाला तर उत्तम. निदान अर्धा दिवस ऊन लागेल अशी जागा बघा, सावलीत नुसती पानं येतात. जाळी किंवा ताटी मजबूत करा, कारण जुनी झाली की ही वेल फार जड होते. छाटायचा आळस करू नका, आणि छाटताना बाह्या खाली ओढून घ्या. लांबवर निघणारे फुटवे उपटत राहा. आणि खड्डा खणण्याआधी पलीकडच्या घरात एकदा सांगून या, कारण निम्मी फुलं त्यांच्याच बाजूला येणार आहेत.